लग्नाचा आहेर : भांडी आणि घरसामानाची यादी करावी का, आणि यादीत नेमकं काय लिहावं?

दुधनाकाठ
भाचीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर ठरलंय. दोघंही नोकरीवाले. राहणार छत्रपती संभाजीनगरला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. सणावाराला आणि उन्हाळ्यात अंबडजवळच्या गावी. पाहुणे आत्तापासूनच विचारायलेत, "काय द्यायचं ते सांगा, उगाच दोनदा नको." म्हणून तीन प्रश्न आहेत. आहेराची यादी करून नातेवाइकांना देणं बरं दिसतं का? दुकानातला तयार संसारसेट घ्यावा की एकेक वस्तू निवडावी? आणि यादी केलीच, तर तीत नुसतं "कुकर, तवा, परात" लिहून भागतं का, की माप-वजनही लिहावं? भाकरी खाणारं घर आहे, हे आधीच सांगतो.

मांजरातीर
तयार सेट घेऊ नका. सेटवर लिहिलेला नगांचा आकडा झाकण्या, चमचे, पळ्या, वाट्या धरून असतो. रोज लागणारी भांडी त्यात सात-आठच निघतात, तीही पातळ पत्र्याची. पातळ गंजात, म्हणजे पातेल्यात, दूध तळाला लागतं आणि बुड फुगून भांडं शेगडीवर डुलतं. त्याच पैशात कमी नग पण जड नग येतात. यादीत वजन लिहाच. दुकानदाराला "चांगलं दाखवा" म्हटलं तर तो चकचकीत दाखवतो, "चार लिटरचा गंज, बुड सपाट, झाकणासह" म्हटलं की काटा पुढे करतो. आणि पत्र्याचा गेज विचारलात तर एवढं ध्यानात ठेवा की गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २२ गेज २० पेक्षा पातळ असतो.

ज्वारीची_लेक
भाकरीचं घर म्हणालात, तर सुरुवात तव्यापासून करा.

तवा लोखंडी पत्र्याचा, व्यास १२ इंच, जाडी ३ मिमी, मध्ये किंचित खोलगट. एवढ्या तव्याचं वजन दीड किलोच्या थोडं पुढे भरतं. एक किलोच्या आसपास भरला तर पत्रा २ मिमीचा आहे असं समजा. पातळ तव्यावर भाकरी मधे करपते आणि कडा कच्च्या राहतात, मग ती फुगत नाही. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवाही चांगला, पण तो जड असतो, हातातून पडला तर तडकतो, आणि तापलेला असताना गार पाण्याखाली धरला तरी तडकतो. भाकरीला वरून पाणी फिरवताना ओघळ तव्यावर जातात, म्हणून रोजच्या भाकरीला पत्र्याचाच बरा. हातव्याची कडी रिबिटची असेल तर रिबिट हलवून बघा, ढिली असेल तर वर्षभरात निघते.

नवा तवा तसाच वापरायचा नाही. कारखान्यातून येताना गंज चढू नये म्हणून त्यावर तेलाचा किंवा मेणाचा थर दिलेला असतो. साबण आणि राखेने घासा, पूर्ण कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं तीन-चारदा. तेल जास्त झालं तर चिकट थर बसतो आणि पहिली भाकरी त्यालाच धरते.

परात सपाट बुडाची हवी. मध्ये जराही फुगीर असेल तर थापताना भाकरी मधे पातळ आणि कडेला जाड होते. दुकानातच फरशीवर ठेवून बोटाने फिरवा. गरगर फिरली तर बुड फुगीर आहे. १६ इंची घ्या, काठ वळवलेला, हात न कापणारा. सोबत लांब दांड्याचं उलथनं आणि दोन चिमटे.

हुरडा
काठवट विसरू नका, ताई.

ज्वारीची_लेक
@हुरडा, काठवट गावच्या घरासाठी जरूर. मुरलेल्या लाकडाची, एकसंध, गाठ नसलेली. ओल्या लाकडाची पहिल्याच चैत्रात उभी चिरते. धुऊन उन्हात ठेवायची नाही, सावलीत आडवी टेकवायची आणि महिन्यातून एकदा तेलाचा हात द्यायचा. शहरातल्या ओट्यावर परातच सोयीची.

जुनी_पेठ
माझं मत वेगळं आहे. आहेर म्हणजे देणाऱ्याची मर्जी. यादी हातात दिली की ते मागणं होतं. ज्याची ऐपत एका तांब्याची आहे, त्याच्यासमोर मिक्सर लिहिलेला कागद ठेवणं मला पटत नाही. पत्रिकेवर "आहेर आणू नये" लिहिणारी कितीतरी घरं आहेत, त्यांचंच बरोबर वाटतं.

न्यायवाट
@जुनी_पेठ, काळजी रास्त आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या करू या. विचारणाऱ्या नातेवाइकाला स्वखुशीच्या भेटीसाठी नाव सुचवणं वेगळं, आणि नवऱ्याकडून मुलीच्या आईबापाकडे यादी येणं वेगळं. दुसरी गोष्ट १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली मागणीच ठरते, तिला यादी म्हणा नाहीतर हौस म्हणा. तशी यादी आली तर घेऊच नका.

स्वखुशीने, न मागता आलेल्या भेटींसाठी मात्र त्याच कायद्याखाली १९८५ चे नियम आहेत आणि ते यादी ठेवायलाच सांगतात. वधूला आलेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला आलेल्यांची वराने. यादी लेखी हवी. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, आणि नातेवाईक असेल तर नातं लिहायचं. खाली वधू-वर दोघांच्या सह्या. फार थोडी घरं हे करतात. सगळ्यांनी करावं. बिलं शक्यतो मुलीच्या नावाने घ्या. वॉरंटीलाही तीच लागतात.

हिशेबवही
मग यादी करायची कशी, ते सांगतो. मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असा एक तक्ता करा. रकाने असे: वस्तू, माप, वजन किंवा क्षमता, अंदाजे किंमत, कोण देणार, घेतली का, बिल कुणाकडे. तक्ता सगळ्यांना दिसावा, पण बदल करण्याचा हक्क एकालाच द्या, नाहीतर दोघं एकाच वेळी एकाच ओळीत नाव लिहितात. तो एक माणूस म्हणजे मुलीची आई नको, तिला त्या महिन्यात दुसरी कामं ढीगभर असतात. चुलत-मावस भावंडांपैकी कुणीतरी घ्या.

जुनी_पेठ काकांच्या मुद्द्यासाठी: तक्ता पत्रिकेसोबत पाठवायचा नाही, गावच्या ग्रुपवरही टाकायचा नाही. जो विचारेल त्यालाच द्यायचा. आणि निम्म्याहून जास्त ओळी लहान वस्तूंच्या ठेवायच्या: सांडशी, पोळपाट-लाटणं, किसणी, झारा, मसाल्याचा डबा, चाळण्यांचा जोड, पुरणयंत्र, खलबत्ता. या वस्तू घरात रोज लागतात, आणि त्या देणाऱ्याला कमी दिल्यासारखं वाटत नाही. मोठ्या वस्तू चार-पाच जणांनी मिळून द्याव्यात असं तक्त्यातच लिहा. लग्नाच्या तीन आठवडे आधी तक्ता बंद करा, म्हणजे राहिलेल्या वस्तू घरच्यांना सवडीने घेता येतात.

जुनी_पेठ
विचारेल त्यालाच द्यायची, हे मान्य. लहान वस्तू जास्त, हेही मान्य. पत्रिकेसोबत नकोच.

कासारगल्ली
यात एक अडचण येते, ती कुणी लिहिली नाही. भांड्यावर नाव घालणं. आपल्याकडे देणाऱ्याचं नाव आणि तारीख यंत्राने कोरून देतात. एकदा नाव घातलं की दुकानदार भांडं बदलून देत नाही. म्हणून दोन पराती आल्या की दोन्ही पडून राहतात. दुकानात सांगून ठेवा की तक्त्यावर नक्की झाल्याशिवाय नाव घालू नका. घालायचंच तर काठाच्या खाली बाहेरच्या बाजूला घाला. आतल्या बाजूला कोरलं की त्या रेघांत पीठ आणि मीठ बसतं. तांब्याचा मुलामा दिलेल्या बुडावर तर मुळीच नको, तिथून मुलामा सुटायला लागतो. तीन थरांच्या भांड्यावरही कोरताना हात हलका ठेवा.

मांजरातीर
+१. लाखमोलाची सूचना.

तांब्याचा_हंडा
पितळ-तांब्याबद्दल कुणीच बोलेना. हंडा, कळशी, परात, ताट, तांब्या अशी आंदणाची भांडी पितळेची किंवा तांब्याची देण्याची रीत आहे आणि ती टिकावी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. पितळेच्या भांड्याला कल्हई लागते, काशाच्या ताट-वाटीला लागत नाही. म्हणून जेवायला कासं आणि शिजवायला कल्हईचं पितळ, अशी जुनी वाटणी आहे. मोड वजनावर विकली जाते, त्यामुळे पैसा वाया जात नाही. घेताना वजन आणि दर बिलावर वेगवेगळे लिहून घ्या. भांड्याला लोखंडी कडी असेल तर ती पितळेच्या वजनात धरलेली नाही ना, हे बघा.

गोदामाई
@तांब्याचा_हंडा, रीत टिकावी हे ठीक. पण संभाजीनगरच्या भाड्याच्या घरात नोकरी करणारी दोघं कल्हई कुणाकडून करून घेणार? गल्लीत आरोळी देत येणारा कल्हईवाला आता कमी झालाय. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवलं तर ते कळकतं, पोटात जाणं चांगलं नाही. माझं म्हणणं एवढंच की पितळ पूजेला आणि पाण्याला, शिजवायला स्टील.

तांब्याचा_हंडा
कल्हईवाले जुन्या बाजारपेठांत अजून आहेत. भांडी एकदम गोळा करून दिली की दिवसात होतात. काम बघायचं असेल तर असं होतं: भांडं आधी चिंच-मिठाने किंवा आम्लाने स्वच्छ करायचं, भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी टेकवायची, वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने भराभर पसरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणूनच कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही, कल्हई गोळा होऊन बुडाशी येते. तारेच्या घासणीनेही घासायचं नाही.

कथील शुद्ध आहे का हे बघाच. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की बारीक करकर आवाज येतो. शिसं मिसळलेली कांडी मऊ असते, कागदावर घासली तर काळपट रेघ उमटते. शिसं मिसळलेली कल्हई जेवणाच्या भांड्याला नको. रोज वापर असेल तर वर्षातून एकदा-दोनदा कल्हई लागते. बुड तांबूस-पिवळं दिसायला लागलं की वेळ झाली असं समजायचं.

गोदामाई
माहिती उत्तम. तरी भाचीच्या यादीत शिजवायच्या पितळी भांड्याची एकच ओळ ठेवा, तीही गावच्या घरासाठी.

पोलादी
स्टीलबद्दल. लोहचुंबक घेऊन दुकानात जाणारे खूप आहेत, पण त्याने अर्धंच कळतं. ३०४ आणि २०२ या दोन्ही जातींना चुंबक चिकटत नाही, ४३० ला चिकटतो. त्यामुळे "चिकटलं नाही म्हणजे भारी" हे खरं नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून त्यावर १८/८ असा शिक्का येतो. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. ते दिसायला तेवढंच चकचकीत, पण मीठ, लोणचं आणि क्षाराच्या पाण्याने त्याला आधी बारीक टिपके पडतात, मग खड्डे. आपल्या बोअरच्या पाण्यात हा फरक लवकर दिसतो. भांडी विकणारे फरक ओळखायचं द्रावण ठेवतात, त्याचा थेंब टाकून दाखवा म्हणा. स्टीलच्या भांड्यांचं भारतीय मानक आयएस १४७५६ आहे, खरेदीत आयएसआय खूण बघा.

इंडक्शनवर वापरायचं असेल तर बुडाला चुंबक चिकटलाच पाहिजे. तीन थरांच्या कढईत आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम आणि बाहेर ४३० असतं. बाहेरचा थर त्यासाठीच. काठ नीट बघा, थर वरपर्यंत गेलेले दिसले तर सगळी कढई तीन थरांची, नाहीतर नुसतं बुड जाड केलेलं. दोन्ही उपयोगाच्या, फक्त किंमत सारखी नसावी.

लोणचं मात्र ३०४ मध्येही ठेवू नका. चिनी मातीची बरणी.

सिंदफणा
पाण्याचं काय? आपल्याकडे नळाला रोज पाणी येईलच असं नाही, गल्लीगल्लीला वेगळा दिवस. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हापासून कुणाला सांगायला नको. म्हणून पाण्याची भांडी यादीत वरच्या ओळीत ठेवा:

पिण्यासाठी झाकणाचं स्टीलचं पिंप, २५ ते ३० लिटरचं, तोटी बसवलेलं. तोटी बुडापासून तीन-चार सेंटिमीटर वर हवी, म्हणजे तळाचा गाळ पेल्यात येत नाही. तोटीच्या आतबाहेर दोन्हीकडे वायसर आहे का ते बघा. पाणी भरून दुकानातच पंधरा मिनिटं ठेवायला सांगा, गळती तिथेच दिसते. उन्हाळ्याला एक माठ, पण तो आहेरात नको, वाटेत फुटतो. वापराच्या पाण्याला २०० लिटरचं ड्रम, झाकण घट्ट. उघडं राहिलं की डास आले. आठवड्यातून एकदा कोरडं करून घासायचं.

क्षार जास्त असलेल्या भागात भांड्यावर पांढरा थर धरतो. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक आम्ल टाकून अर्धा तास ठेवलं की सुटतो. तांब्याच्या हंड्याला आतून चिंच-मिठाचा हात देऊन लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. त्या हंड्यात लिंबू-सरबत, ताक कधीच नाही.

आरओ यंत्र कुणी देणार असेल तर आधी पाण्याचं टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही अपेक्षित मर्यादा आहे. नळाचं पाणी त्याच्या बरंच खाली असेल तर साधा फिल्टर किंवा यूव्ही पुरतो. आरओ बरंच पाणी बाहेर टाकून देतो, आणि इथे ते परवडत नाही. घ्यावा लागलाच तर बाहेर टाकलेलं पाणी धरायला बादली ठेवा, फरशी पुसायला चालतं. झाडांना मात्र नको, क्षार साठतात.

तूरडाळ
सिंदफणा दादांच्या मुद्द्याला जोडून. जड पाण्यात डाळ शिजत नाही ही नव्या घरातली पहिली तक्रार असते, आणि दोष कुकरला दिला जातो. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि पेशींतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, त्यामुळे दाणा मऊ होत नाही. डाळ गाळलेल्या किंवा आरओच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, त्याच पाण्यात लावा. चिंच-टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला, आंबटानेही दाणा ताठ राहतो.

कुकर: दोघांना ३ लिटर, पाहुण्यांसाठी आणि डबे लावण्यासाठी ५ लिटर. एकच द्यायचा तर ५. आयएस २३४७ आणि आयएसआय खूण बघूनच. झाकण आतून बसणारं की बाहेरून, हा सवयीचा प्रश्न. हॉकिन्सचं आतून बसतं, प्रेस्टीजचं बहुतेक बाहेरून. महत्त्वाचं हे की त्याच मापाचं रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह अंबडच्या बाजारात मिळतो का. रबर कडक झालं, चिरलं किंवा कडेने वाफ सुटायला लागली की बदलायचं. डाळ-तांदूळ निम्म्याच्या वर भरायचे नाहीत, फेस शिट्टीच्या नळीत जाऊन ती बंद होते. डाळीत तेलाचे दोन थेंब टाकले की फेस बसतो. झाकण लावायच्या आधी नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा.

बालाघाटी
गिझरलाही तीच क्षाराची अडचण. पण तो आहेरात कुणी देत नाही, सोडा.

कोठार
धान्याच्या कोठीबद्दल लिहितो. रब्बीची मालदांडी ज्वारी निघाली की घरं वर्षाची भरून घेतात. ५० किलो ज्वारीला साधारण ७० लिटर जागा लागते. म्हणजे ४० सेंटिमीटर व्यासाची आणि ५६ सेंटिमीटर उंचीची कोठी काठोकाठ भरते, थोडी मोठीच घ्या. खाली कडीकुलपाचं तोंड असलेली कोठी गावच्या घराला सोयीची. शहरातल्या घरात अशा दोन कोठ्या मावत नाहीत, तिथे २० किलोचा डबा पुरे.

कोठी भरताना ज्वारी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची आणि पूर्ण गार करूनच भरायची. उन्हातली गरम तशीच भरली की आत वाफ धरते, बुरशी येते. दाताखाली दाणा कट्ट तुटला पाहिजे. कडुनिंबाचा पाला वाळलेलाच घालायचा, हिरवा नाही. आणि किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवू नका. त्यांतून निघणाऱ्या वायूने माणसं दगावतात. हे सासरी-माहेरी दोन्हीकडे सांगून ठेवा.

पिठाच्या डब्याचं उलटं आहे. मोठा डबा नको. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना तडकते. आठ-दहा दिवसांपुरतं दळायचं. दोघांना पाच किलोचा डबा भरपूर, म्हणजे साधारण नऊ लिटरचा. विरी गेलेलं पीठ उरलंच तर उकळत्या पाण्यात भिजवून उकड काढून मळायचं.

ज्वारीची_लेक
कोठार काका, पिठाच्या डब्याचं अगदी बरोबर. आहेरात दहा किलोचे तीन-तीन डबे येतात आणि त्यांत मग साड्या ठेवतात.

वीजतार
मिक्सर आणि शेगडी.

मिक्सर ७५० वॉटचा. शेंगदाणा, कारळ, जवसाची चटणी आणि काळा मसाला असं सुकं दळण आपल्याकडे जास्त, ५०० वॉटचा लवकर तापतो. भांडी तीन: चटणीचं ४०० मिलि, मधलं एक लिटर, मोठं दीड लिटर. भांडं निम्म्याच्या वर भरू नका. सलग फिरवण्याऐवजी थांबून थांबून फिरवा, नाहीतर शेंगदाण्याला तेल सुटून गोळा होतो. चालता चालता बंद पडला तर लगेच मेकॅनिककडे नेऊ नका. बुडाला लाल बटन असतं. मिक्सर गार होऊ द्या, भांडं हलकं करा, बटन दाबा. गावात संध्याकाळी विजेचा दाब पडतो, तेव्हा मोटर मंद फिरते आणि तापते. दळण सकाळी करा. भांडं नीट न बसवता चालू केलं की खालचा रबरी कपलर झिजतो. तो जवळ मिळतो का, हे बघून कंपनी निवडा.

इंडक्शन शेगडी दुसरी शेगडी म्हणून ठीक. दोन हजार वॉट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. भाड्याच्या घरात ओट्याजवळ ते असतंच असं नाही. खोलगट तवा तिच्यावर चालत नाही, आणि इन्व्हर्टरवर तर नाहीच.

गॅस शेगडी आयएस ४२४६ ची, स्टीलच्या पत्र्याची. काचेची दिसायला छान, पण १२ इंची भाकरीचा तवा मोठ्या आचेवर ठेवला की उष्णता तव्याखालून काचेवर परतते, आणि कडक केलेली काच फुटते तेव्हा एकदम चुरा होतो. दोन बर्नरच्या मध्यांत ४० सेंटिमीटरच्या वर अंतर हवं, नाहीतर तवा आणि कुकर एकमेकाला टेकतात. नळी सुरक्षा नळीच घ्या. तिच्यावर तारीख असते, पाच वर्षांनी बदला.

गोदामाई
नॉनस्टिक तवा कुणी देणारच. तो कशाला वापरावा?

ज्वारीची_लेक
भाकरीला मुळीच नाही. रिकामा तवा मोठ्या आचेवर दोन-चार मिनिटांत २६० अंशांच्या पुढे जातो आणि थर खराब व्हायला लागतो. यादीत तो लिहूच नका.

हुरडा
धिरडी-डोशाला मंद आचेवर चालतो की, ताई. लाकडी उलथनं, आधी पीठ मग आच. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्याला सोपा जातो.

ज्वारीची_लेक
धिरड्याला मुरलेला बिडाचा तवा तेवढाच सुटा चालतो आणि पंचवीस वर्षं राहतो. फक्त धिरड्याचा तवा आणि भाकरीचा तवा वेगळा ठेवायचा. भाकरीच्या पाण्याने तेलाचा थर निघतो, मग धिरडं धरतं. माझ्या मते हे दोन तवे पुरेत. नॉनस्टिक आलाच तर हुरडा दादा म्हणतात तसा वापरावा.

मांजरातीर
ताटांबद्दल राहिलं. आपल्याकडे आमटीत, वरणात भाकरी कुस्करून खातात. उथळ ताटात रस वाहतो. ताट १२ इंची, काठ उभा आणि किमान अडीच सेंटिमीटर. वाट्या दोन मापांच्या: १५० मिलि भाजीला, २५० मिलि आमटीला. सहा-सहा बास, बारा नकोत. काचेचा डिनर सेट यादीत मुद्दाम लिहू नका, न लिहिताही दोन येतातच. आणि स्टीलची ताटं-पेले एकात एक घालून बांधताना मधे कागद ठेवा, कोरडे करूनच. एकमेकांत अडकले तर ठोकू नका, आतल्यात गार पाणी भरा आणि बाहेरचं गरम पाण्यात धरा, सुटतात.

"जर्मन"ची साधी पातेली कुणी देत असेल तर दूध-पाण्याला ठीक, पण चिंच, टोमॅटो, ताक त्यात शिजवू नये, आंबटाने ॲल्युमिनियम सुटतं.

पैठणवाट
रुखवताचं काय? सगळं तक्त्यात आणि वजनात बसवलं तर लेकीच्या मावशा-आत्यांनी करायचं काय? सुपारीची, तांदळाची, लोकरीची कलाकुसर, लाडू-करंज्यांची ताटं हे मांडलंच पाहिजे.

हिशेबवही
मांडाच. भांडी आणि कलाकुसर एकाच मांडणीत बसतात. पिठाच्या डब्यात घरची दळलेली मेतकूट-भाजणी, मसाल्याच्या डब्यात सातही वाट्या भरलेल्या, बरणीत लोणचं, सोऱ्यासोबत कुरडयांचा डबा. वस्तू मांडणीत शोभते आणि दुसऱ्या दिवशी सरळ स्वयंपाकघरात जाते. फक्त कुकर, मिक्सर, शेगडी खोक्याबाहेर काढू नका, मांडवातल्या गर्दीत शिट्ट्या आणि वॉरंटीची कार्डं हरवतात. त्यांचं नुसतं खोकं ठेवा.

दुधनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता करायला घेतला आहे, ठेवायचं काम मावसभावाकडे. पहिल्या ओळी अशा लिहिल्यात: भाकरीचा लोखंडी तवा १२ इंच, दीड किलोच्या पुढे, सपाट परात १६ इंच, गंज दीड, अडीच आणि चार लिटर, झाकणासह, कुकर ५ लिटर, पिंप २५ लिटर तोटीचं, ज्वारीची कोठी गावासाठी, पाच किलोचा पिठाचा डबा, ताटं सहा, मिक्सर चौघांनी मिळून. "नाव घालू नये" असं वरच लाल अक्षरात लिहिलंय. पितळेचा हंडा-कळशी मामाकडून, म्हणजे माझ्याकडून. एकच विचारायचं राहिलं, पुरणयंत्र स्टीलचं की ॲल्युमिनियमचं?

ज्वारीची_लेक
स्टीलचं, दादा. तीन जाळ्यांचं, पाय उघडझाप होणारे, आणि मधला दांडा नटाने सुटणारा. न सुटणाऱ्याच्या सांध्यात पुरण अडकून आंबतं. जाळीची भोकं आतून चाचपून बघा, धार असेल तर डाळीची सालं तिथेच गोळा होतात. पुरण गरम असतानाच फिरवायचं, गार झालं की दांडा वाकतो.

पोलादी
आणि दीड लिटरच्या गंजाऐवजी दोन लिटरचा घ्या. एक लिटर दूध उतू न जाता तापवायला वर तेवढी जागा लागते.

दुधनाकाठ
बदलला.